मामाचे बोट, मावशीची गाठ: महापेशी कोणाच्या निरोपावरून बनते?

कुशावती
सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार. दक्षिण गोव्यातील एका खासगी प्रयोगशाळेत ऊतींचे काप काढून स्लाइड तयार करण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करीत आहे. निदान लिहिणे हे डॉक्टरांचे काम. परंतु रंग नीट चढला आहे की नाही हे पाहण्यासाठी मलाही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावावा लागतो. या वर्षी माझ्या घरातल्याच दोन स्लाइड आठवड्याच्या अंतराने माझ्या हाताखालून गेल्या आणि तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे.

पहिली स्लाइड मामाच्या बोटाची. बेतूलच्या खडकांवर शिणाणे (शिंपले) काढताना त्याच्या बोटात सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचे काटे मोडले. जखम भरली, पण दोन-तीन महिन्यांनी तिथे टणक गाठ आली आणि ती काढावी लागली. दुसरी स्लाइड मावशीच्या मानेतील गाठीची. ती क्षयाची निघाली. दोन्हींत महापेशी होत्या, म्हणजे एकाच पेशीद्रवात वीस-वीस, तीस-तीस केंद्रके असलेल्या अवाढव्य पेशी. मामाच्या स्लाइडमधील महापेशींत केंद्रके पोह्यांतल्या शेंगदाण्यांसारखी कुठेही विखुरलेली होती, तर मावशीच्या स्लाइडमध्ये ती पेशीच्या कडेला घोड्याच्या नालेसारखी ओळीने बसली होती. अहवालात पहिल्यांना ‘परकीय वस्तू प्रकारच्या’ आणि दुसऱ्यांना ‘लांगहान्स प्रकारच्या’ महापेशी म्हटले होते.

दोन्हींचा पूर्वज एकच, रक्तातील मोनोसाइट. अस्थिमज्जेत तयार होणारी ही पेशी श्वेतपेशींपैकी साधारण २ ते ८ टक्के असते. थोडे दिवस रक्तात फिरून, बोलावणे आले की ती ऊतीत उतरते आणि तिथे तिची भक्षकपेशी बनते. अशा अनेक भक्षकपेशी एकमेकींत मिसळून महापेशी होते. हे मिसळणे सायटोकाइन नावाच्या निरोप्या रेणूंच्या सांगण्यावरून होते, असे वाचनात आले. इंटरल्यूकिन-४ आणि इंटरल्यूकिन-१३ यांचा निरोप मिळाला तर मामाच्या प्रकारची पेशी, इंटरफेरॉन-गॅमाचा मिळाला तर मावशीच्या प्रकारची. हे खरोखर इतके सरळ आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

चष्मेवाला
सोमवार, रात्री ९.४५

मुख्य प्रश्नाला हात घालण्यापूर्वी एक खुलासा करतो, कारण या नावावरून परीक्षेत दरवर्षी मुले अडखळतात. लांगहान्स आणि लांगरहान्स ही दोन वेगळी माणसे आहेत आणि दोघांचेही काम १८६८ सालचे आहे, हा योगायोग गोंधळात भर घालतो. थिओडोर लांगहान्स यांनी क्षयाच्या गाठींतील, कडेला केंद्रके असलेल्या महापेशींचे वर्णन केले. पॉल लांगरहान्स यांनी विद्यार्थिदशेत त्वचेतील शाखायुक्त पेशी दाखवल्या आणि पुढच्याच वर्षी स्वादुपिंडातील बेटे. मावशींच्या स्लाइडचा संबंध फक्त पहिल्याशी आहे.

म्हादईतीर
सोमवार, रात्री ११.०५

कुशावतीताई, प्रश्न फार चांगला मांडला आहे. मी जीवरसायनशास्त्र शिकवतो, तेव्हा मामांच्या बोटापासून सुरुवात करतो.

इंटरल्यूकिन-४ ची भूमिका १९८८ मध्ये उंदरांच्या पेशींवर प्रथम स्पष्ट झाली. संवर्धनातील, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मोनोसाइट आणि भक्षकपेशींना हा एकच रेणू दिला, तर त्या मिसळून महापेशी होतात असे दिसले. मानवी मोनोसाइटमध्ये इंटरल्यूकिन-१३ सुद्धा हेच करतो, हे १९९७ मध्ये दाखवले गेले. त्यात नवल नाही, कारण दोन्ही रेणूंच्या ग्राहकांचा (निरोप पकडणाऱ्या पेशीवरील प्रथिनांचा) एक घटक सामाईक आहे आणि आतला मार्गही तोच. ग्राहकाला रेणू चिकटला की जॅक नावाची विकरे जागी होतात, ती स्टॅट-६ या प्रथिनाला फॉस्फेट लावतात, आणि ते प्रथिन केंद्रकात जाऊन काही ठरावीक जनुके चालू करते. या जनुकांची यादी पाहिली की इंटरल्यूकिन-४ पेशींना प्रत्यक्ष जोडत नाही हे ध्यानात येते. तो पेशीला जोडण्याजोगी बनवतो. पेशीच्या पृष्ठभागावर ई-कॅडहेरिन येते, जे शेजारणीला धरून ठेवते. मॅनोज ग्राहक वाढतो. आणि डीसी-स्टॅम्प नावाचे प्रथिन कामाला लागते. हे शेवटचे प्रथिन नसलेले उंदीर २००५ मध्ये तयार करण्यात आले, तेव्हा त्यांच्यात परकीय वस्तूभोवतीच्या महापेशीही झाल्या नाहीत आणि हाडे झिजवणाऱ्या अस्थिभक्षक पेशीही एककेंद्रकीच राहिल्या. अस्थिभक्षक पेशींचा निरोप अगदीच निराळा असतो (एम-सीएसएफ आणि रँक-लिगँड), तरीही शेवटची कडी मात्र तीच लागते.

दुसरी गोष्ट पृष्ठभागाची. प्रयोगशाळेत ताज्या मोनोसाइटवर पहिल्याच दिवशी इंटरल्यूकिन-४ ओतून भागत नाही. पेशी आधी बशीच्या तळाला चिकटून काही दिवस भक्षकपेशी म्हणून स्थिरावाव्या लागतात, मग निरोप द्यायचा, आणि आठवड्या-दहा दिवसांत मोठ्या महापेशी दिसू लागतात. तळाचे रसायन बदलले तर तोच निरोप, तितक्याच मात्रेत देऊनही मिसळण्याचे प्रमाण बदलते. काट्याचा तुकडा कॅल्साइटचा असतो. भक्षकपेशी त्याला चिकटते, पण साधारण दहा मायक्रोमीटरपेक्षा मोठी वस्तू एकटीला गिळता येत नाही. त्या अडलेल्या स्थितीत ती निरोपाला जास्त प्रतिसाद देते, असे मला वाटते.

जिवंत प्राण्यातही हे तपासलेले आहे. उंदरांच्या त्वचेखाली पॉलियुरेथेन हे प्लास्टिक ठेवून इंटरल्यूकिन-४ निकामी करणारी प्रतिपिंडे दिली, तेव्हा त्या वस्तूवरील महापेशींची संख्या घटली. त्याहून मजेदार प्रयोग सीसीएल-२ चा आहे. हा रेणू मोनोसाइटना ‘इकडे या’ म्हणून बोलावणारा म्हणून प्रसिद्ध. तो नसलेल्या उंदरांत भक्षकपेशी जवळजवळ तितक्याच जमल्या, पण महापेशी कमी झाल्या. म्हणजे बोलावणे पाठवणारा निरोप्या लग्न जुळवण्याच्या कामातही होता.

आता प्रश्न उरतो की मामांच्या बोटात इंटरल्यूकिन-४ आणले कोणी. सहायक टी पेशी (प्रतिकारयंत्रणेतील एक प्रकारच्या श्वेतपेशी) हे ठरलेले उत्तर आहे, परंतु टी पेशी नसलेल्या उंदरांतही परकीय वस्तूभोवती महापेशी होतात. मास्ट पेशी, बेसोफिल आणि इओसिनोफिल या इतर प्रतिकारपेशींकडेही या रेणूंचा साठा असतो, हे त्यामुळे विसरता येत नाही.

खाजन
मंगळवार, सकाळी ६.५०

मी निवृत्त छातीविकारतज्ज्ञ आहे. आमचे शिक्षण झाले तेव्हा गोवा वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला गेलेले नव्हते. पणजीतल्या जुन्या इमारतीत आम्ही लांगहान्स महापेशी पहिल्यांदा पाहिली, आणि ‘दिसली की क्षय’ असे घोकून बाहेर पडलो. ते घोकणे अर्धवट होते. सार्कॉइडोसिसमध्ये (अज्ञात कारणाने अवयवांत गाठी होणाऱ्या रोगात), काही बुरशीजन्य रोगांत आणि कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही ती दिसते. ती जिवाणूची सही नसून एका विशिष्ट प्रकारच्या प्रतिकारप्रतिसादाची सही आहे, आणि त्या प्रतिसादाच्या केंद्रस्थानी इंटरफेरॉन-गॅमा असतो.

मानवी मोनोसाइटना शुद्ध इंटरफेरॉन-गॅमा दिल्यास त्या मिसळून बहुकेंद्रकी होतात, हे १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र रुग्णांकडून मिळालेला पुरावा मला बशीतल्या पुराव्यापेक्षा मोलाचा वाटतो. १९९६ मध्ये अशा मुलांचे वर्णन झाले ज्यांच्यात इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहकच जन्मतः सदोष होता. एरवी निरुपद्रवी असणारे सूक्ष्मजंतू त्यांच्या अंगभर पसरले; काहींना तर बीसीजी लसच बाधली. ज्यांच्यात तो ग्राहक पूर्ण निकामी होता, त्यांच्या ऊतींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे भक्षकपेशींच्या घट्ट गाठी, धड बांधलेच गेले नव्हते. जंतूंनी गच्च भरलेल्या भक्षकपेशी होत्या, पण त्यांची सुबक गाठ नव्हती. जंतू होते, मोनोसाइट होत्या, नव्हता तो फक्त निरोप ऐकणारा कान.

दुसरा धडा टीएनएफ या आणखी एका सायटोकाइनचा. संधिवातासाठी इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारे औषध आल्यावर २००१ मध्ये क्षयाचे ७० रुग्ण एकत्रित नोंदवले गेले. त्यांतील अनेकांचा क्षय फुफ्फुसाबाहेरचा होता. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेले जंतू गाठीची भिंत सैल होताच बाहेर पडले. म्हणून आजही असे औषध सुरू करण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी केली जाते. कुशावतीबाय, तुमच्या मावशीच्या गाठीत इंटरफेरॉन-गॅमा हा मुख्य वादक असेल, पण टीएनएफ आणि जीएम-सीएसएफ हे दुसरे सायटोकाइन साथीला नसतील तर मैफल रंगत नाही.

काजूबी
मंगळवार, दुपारी १.२०

दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत. तरीही ‘चार म्हणजे परकीय वस्तू, गॅमा म्हणजे लांगहान्स’ ही वाटणी मला पुस्तकातील तक्त्याइतकीच खरी वाटते; ऊतीत ती इतकी स्वच्छ राहत नाही. मी स्वतः संशोधन विद्यार्थी असताना मानवी मोनोसाइट वाढवल्या आहेत. एकाच बशीत, एकाच निरोपाखाली, एका कोपऱ्यात नालेची रचना आणि दुसऱ्या कोपऱ्यात विखुरलेली रचना मी पाहिली आहे. लहान, कमी केंद्रकांच्या पेशी बहुधा लांगहान्ससारख्या दिसतात आणि त्या वाढत, आणखी पेशी पोटात घेत गेल्या की मांडणी विस्कटते. मग केंद्रकांची मांडणी हा निरोपाचा परिणाम किती आणि वयाचा किती, हा प्रश्न खुला राहतो.

याहून मोठा आक्षेप मुळावरच आहे. आपण सगळे गृहीत धरतो की महापेशी म्हणजे मिसळलेल्या पेशी. २०१६ मध्ये मात्र असे दाखवले गेले की जिवाणूंच्या लिपोप्रथिनाने टीएलआर-२ हा ग्राहक सतत डिवचत ठेवला, तर भक्षकपेशींच्या पूर्वज पेशी विभाजनाला लागतात, डीएनए दुप्पट करतात, पण त्या घाईत डीएनएला इजा होते आणि पेशी शेवटी दोन होत नाही. केंद्रके वाढतात, पेशी एकच राहते. म्हणजे लग्न न होताही घर भरते. क्षयासारख्या चिवट संसर्गात, जिथे जंतूचा लिपोप्रथिनाचा पुरवठा थांबतच नाही, तिथे या मार्गाचा वाटा असणे शक्य आहे. मावशींच्या स्लाइडवरून दोन मार्गांपैकी कोणता चालला होता, हे सांगता येणार नाही. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात दोन्ही सारखेच दिसतात.

म्हादईतीर
मंगळवार, दुपारी ३.००

काजूबी, २०१६ चा मुद्दा मान्य आहे आणि तो मी विसरलो होतो. मात्र इंटरल्यूकिन-४ च्या बाबतीत मिसळणे हाच मार्ग आहे. दोन वेगवेगळ्या रंगांच्या पेशी एकत्र ठेवल्या की दोन्ही रंग असलेली महापेशी मिळते, आणि नुसत्या विभाजनाने ती मिळणे शक्य नाही. तेव्हा ‘मिसळणे की न दुभंगणे’ याचे उत्तर बहुधा निरोपानुसार बदलते, आणि ही गोष्ट केंद्रकांच्या मांडणीपेक्षा जास्त मूलभूत आहे.

बांदोडकर_नव्हे
मंगळवार, सायंकाळी ७.१५

माझा विषय हा नाही. तरी एक साधा प्रश्न विचारतो. माझ्या रक्ततपासणीत मोनोसाइट ११ टक्के आल्या. याचा अर्थ माझ्या अंगात महापेशी जास्त होतील असा घ्यायचा का?

चष्मेवाला
मंगळवार, सायंकाळी ७.४०

नाही. महापेशी ऊतीत, निरोप जिथे दाट असतो तिथेच बनते; रक्तातील टक्केवारीवरून तिचा अंदाज येत नाही. शिवाय सगळ्या मोनोसाइट सारख्या नसतात. सीडी-१४ आणि सीडी-१६ या खुणांवरून त्यांचे तीन गट पाडतात. बहुसंख्य अभिजात गटातील असतात, आणि थोड्याशा मधल्या गटातील मोनोसाइट मिसळण्यात इतरांपेक्षा तरबेज असल्याचे प्रयोगशाळेत आढळले आहे. टक्केवारी वाढलेली असेल तर आपल्या डॉक्टरांना दाखवावी. धाग्यावर निदान मागू नये आणि देऊही नये.

सासष्टीकर
मंगळवार, रात्री १०.३०

खाजन सरांनी कुष्ठरोगाचा ओझरता उल्लेख केला, त्यावर थांबावेसे वाटते, कारण या चर्चेतील खरी गाठ मला तिथेच दिसते. माकाझनच्या कुष्ठरुग्णालयाचे नाव आमच्या सासष्टीत सर्वांना ठाऊक आहे. माझी नोकरी तिथली नव्हे, परंतु त्वचेच्या बायोप्सी मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

एकच जिवाणू, मायकोबॅक्टेरियम लेप्री, आणि रोगाची दोन टोके. ट्युबरक्युलॉइड टोकाला जंतू जवळजवळ सापडत नाहीत, ग्रॅन्युलोमा सुबक असतात आणि त्यांत लांगहान्स महापेशी दिसतात. लेप्रोमेटस टोकाला भक्षकपेशी जंतूंनी आणि चरबीने फुगलेल्या, फेसाळ दिसतात, आणि महापेशी सहसा नसतात. १९९१ मध्ये या दोन टोकांच्या त्वचेतील सायटोकाइन मोजले गेले. पहिल्या टोकाला इंटरफेरॉन-गॅमा आणि इंटरल्यूकिन-२ यांचे वर्चस्व होते, दुसऱ्या टोकाला इंटरल्यूकिन-४, ५ आणि १० यांचे.

पहिला अर्धा भाग वरच्या चर्चेशी तंतोतंत जुळतो. दुसऱ्या अर्ध्या भागाचे काय? म्हादईतीर यांच्या म्हणण्याप्रमाणे इंटरल्यूकिन-४ हा महापेशी घडवणारा सर्वांत खात्रीचा रेणू आहे. लेप्रोमेटस त्वचेत तो आहे, मोनोसाइटपासून झालेल्या भक्षकपेशींची तर तिथे रेलचेल आहे. मग त्या मिसळत का नाहीत?

म्हादईतीर
मंगळवार, रात्री ११.५०

हा प्रश्न वर्गात कोणी विचारला असता तर मी तास संपल्याची घंटा झाल्याचे नाटक केले असते. येथे ती सोय नाही, म्हणून जे सुचते ते मांडतो. पुढचे सारे माझे अनुमान आहे हे लक्षात घ्यावे.

एक, पृष्ठभाग. इंटरल्यूकिन-४ चे बहुतेक प्रयोग पेशी एखाद्या सपाट, न गिळता येणाऱ्या वस्तूला चिकटलेल्या असताना केलेले आहेत. लेप्रोमेटस त्वचेत अशी वस्तू नाही. जंतू बाहेर अडलेला नसून आत सुखाने राहतो आहे, आणि पेशीच्या दृष्टीने गिळण्याचे काम पार पडलेले आहे.

दोन, संगत. त्या त्वचेत इंटरल्यूकिन-४ एकटा नाही. इंटरल्यूकिन-१० सोबत आहे, आणि तो भक्षकपेशींना शांत बसवणारा रेणू आहे. एकाच पेशीच्या कानात दोन निरोप पडत असतील तर उत्तर त्यांच्या बेरजेवर ठरेल, पहिल्या निरोपावर नव्हे.

तीन, जंतू स्वतः. भक्षकपेशीच्या चरबीच्या व्यवहारात तो ढवळाढवळ करतो, म्हणूनच ती फेसाळ दिसते. मिसळण्यासाठी पेशीपटलाची घडण आणि त्यावरील मेदरेणूंची जागा महत्त्वाची असते. मिसळू पाहणाऱ्या भक्षकपेशींवर फॉस्फॅटिडिलसेरीन हा एरवी आतल्या बाजूला असणारा मेद बाहेर येतो आणि शेजारीण तो सीडी-३६ ने ओळखते. फेसाळ पेशीत हे गणित बिघडत असल्यास मला आश्चर्य वाटणार नाही.

काजूबी
बुधवार, सकाळी ८.२५

तिसऱ्या मुद्द्यावर थोडी शंका आहे. टूटन महापेशी फेसाळच असते. झँथोमात (त्वचेतील चरबीयुक्त गाठीत) केंद्रकांचे कडे आणि त्याभोवती चरबीने भरलेला पेशीद्रव, असे तिचे चित्र १८८० च्या दशकापासून परिचित आहे. तेव्हा नुसती चरबी मिसळण्याला आड येते असे म्हणता येणार नाही. पहिले दोन मुद्दे मात्र मला पटतात, आणि कुशावतीताईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे असे वाटते. निरोप बदलला की पेशी बदलते हे खरे. पण निरोप ऐकताना पेशी कशाला चिकटून उभी आहे आणि आणखी कोण बोलत आहे, हे कळल्याशिवाय निरोपाचा अर्थ लावता येत नाही.

खाजन
बुधवार, सकाळी ९.१०

एवढे सगळे करून महापेशी करते तरी काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून थोडे लिहितो. इंटरल्यूकिन-४ ने घडलेल्या महापेशी पूरक प्रथिनांचा लेप असलेले मोठे कण गिळण्यात आणि नष्ट करण्यात तरबेज असतात, असे २०१५ मधील कामात दिसले. उलट क्षयाच्या जंतूने घडवलेल्या मोठ्या लांगहान्स महापेशी नवे जंतू गिळण्याची क्षमता गमावून बसतात, पण प्रतिजन (जंतूचे ओळखीचे तुकडे) टी पेशींना दाखवण्याचे काम करीत राहतात, असे त्याआधीच आढळले होते. म्हणजे मामांच्या बोटातील पेशी मजूर आणि मावशीच्या गाठीतील पेशी कारकून, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

आता एक व्यावहारिक शंका. मामांच्या स्लाइडमध्ये परकीय वस्तू प्रकारच्या महापेशी होत्या हे ठीक. परंतु समुद्राच्या पाण्यात हात घालणाऱ्यांच्या बोटांत मायकोबॅक्टेरियम मरिनम या क्षयजंतूच्या कुळातील जंतूचा संसर्ग होऊ शकतो. तो सावकाश वाढतो, स्लाइडवर झील-नील्सन रंगात (या कुळातील जंतू तांबडे दाखवणाऱ्या रंगात) पुष्कळदा सापडत नाही, आणि सी अर्चिनच्या काट्यांनी झालेल्या गाठींपैकी काही नमुन्यांत मायकोबॅक्टेरियाचे डीएनए आढळलेले आहे. संवर्धन केले होते का? ते नेहमीच्या ३७ अंशांवर नव्हे, ३० ते ३३ अंशांवर करावे लागते.

कुशावती
बुधवार, रात्री ८.४०

सर्वांचे मनापासून आभार. कारकून आणि मजूर ही उपमा मी उद्या सहकाऱ्यांना सांगणार आहे.

खाजन सर, संवर्धन झाले नाही. गाठ काढल्याबरोबर सगळीच्या सगळी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकली गेली, आणि फॉर्मेलिनमध्ये गेलेल्या ऊतीवर जंतू वाढवता येत नाही हे आपण जाणताच. झील-नील्सन रंग मीच चढवला होता. तांबडा जंतू एकही दिसला नाही, पण आपण म्हणता त्याप्रमाणे तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. पॅराफिनचा ब्लॉक कपाटात आहे, त्यातून डीएनएची तपासणी होऊ शकेल का हे मी डॉक्टरांना विचारणार आहे. मामाचे बोट सध्या पूर्ण बरे आहे, सूज नाही, आणि चतुर्थीनंतर तो पुन्हा रापणीला (किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे पकडायला) जाऊ लागला आहे. खडकांवर मात्र मामीने त्याला अजून जाऊ दिलेले नाही.

मावशीच्या औषधांचा चौथा महिना चालू आहे. मानेतील गाठ बोराएवढी उरली आहे.

खाजन
बुधवार, रात्री ९.०५

ब्लॉकवर पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी तपासणी) करता येते, फक्त फॉर्मेलिनमुळे डीएनएचे तुकडे झालेले असतात, त्यामुळे नकारार्थी उत्तराला फार वजन देऊ नका. पुढच्या वेळी अशी गाठ आली तर शल्यचिकित्सकांना आधीच सांगून ठेवा की अर्धा तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि अर्धा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवावा. मावशींनी सहा महिने पुरे करावेत. गाठ आधी गेली तरी गोळ्या थांबवू नयेत.